जुन्या पिकअप ट्रकची घरच्या घरी पुनर्बांधणी

पिकअप ट्रक म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची बंद केबिन आणि मागे सामान टाकायला उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू गाडी. अमेरिकेतील शेतकरी, सुतार, दुकानदार यांच्या रोजच्या कामासाठी ती जन्माला आली, आणि कामाच्या गाडीला लागतो तो साधेपणा तिच्या बांधणीत पहिल्यापासून आहे. शिडीच्या आकाराची पोलादी चासी, तिच्यावर बोल्टने बसवलेली केबिन, वेगळा हौदा, सुटी होणारी मडगार्डे आणि बॉनेट. मोटारींत पुढे चासी आणि बॉडी एकजीव झाली. पिकअपमध्ये ती वेगळीच राहिली. म्हणून साधे पाने, एक जॅक आणि मदतीला एखादा माणूस एवढ्यावर ही गाडी घरच्या शेडमध्ये सुट्या भागांपर्यंत खोलता येते आणि पुन्हा उभी करता येते.

बांधणी सोपी असली तरी काम लहान नाही. अमेरिकेत असे कितीतरी ट्रक अर्धवट खोललेल्या अवस्थेत, खोक्यांत भरलेल्या सुट्या भागांसह विकायला येतात. बहुतेकांच्या बाबतीत हात कमी पडलेला नसतो, क्रम चुकलेला असतो. काय करायचे हे ठरण्याआधी गाडी खोलली जाते, गंज निघण्याआधी रंग लागतो, ब्रेक सुधारण्याआधी इंजिन मोठे होते. या लेखातील आढावा म्हणूनच कामाच्या क्रमाने घेतला आहे.

गाड्यांच्या पिढ्या

१९२५ साली फोर्डने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. त्याआधी गिऱ्हाईक गाडी विकत घेई आणि मागचा हौदा स्थानिक कारागिराकडून करून घेई. घरी पुनर्बांधणी करणाऱ्यांचा खरा ओढा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांकडे असतो. १९४७ च्या उन्हाळ्यात शेवरलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिका आणली. तिच्यातील अर्ध्या टनाची ३१०० ही गाडी गोलसर केबिनमुळे आजही लगेच ओळखू येते. फोर्डची एफ-मालिका १९४८ सालची. १९५३ मध्ये तिच्यातील एफ-१ चे नाव एफ-१०० झाले. १९५५ च्या मध्यावर शेवरलेने ‘टास्क फोर्स’ मालिकेत बाजूंना वळलेली समोरची काच, १२ व्होल्टची वीज आणि २६५ घनइंची व्ही-८ इंजिन दिले. १९६० पासूनच्या सी-१० गाड्या आणि त्यांतही १९६७ ते १९७२ ही पिढी हा आणखी एक लोकप्रिय गट आहे.

पिढी निवडली की पुढची बरीच कामे आपोआप ठरतात. १९५५ च्या आधीच्या शेवरले ट्रकमध्ये ६ व्होल्टची वीज आहे, आणि १९५४ पर्यंतच्या अर्ध्या टनाच्या गाडीत गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा बंद नळीत बसवलेला आहे. फोर्डने १२ व्होल्ट १९५६ मध्ये स्वीकारले. त्याआधीच्या फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते, शेवरलेमध्ये ऋण. १९६७ पासून शेवरलेत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग आले आणि १९७१ पासून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. पहिल्यांदाच हे काम अंगावर घेणाऱ्याला १९६७ नंतरची गाडी सोपी जाते ती यामुळे. सुट्या भागांचाही प्रश्न आहे. शेवरले आणि फोर्डच्या गाजलेल्या मॉडेलांचे तळपत्रे, उंबरे, रबरे, काचा नव्याने बनवून मिळतात. स्टुडबेकर किंवा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या गाडीला तोच भाग जुन्या बाजारात शोधावा लागतो, नाहीतर हाताने घडवावा लागतो.

तीन वाटा

पहिली वाट मूळ स्वरूपाची. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी करणे, बोल्टच्या डोक्यावरील खुणांपासून रंगाच्या छटेपर्यंत. ॲडव्हान्स डिझाइन शेवरलेचा नेहमीचा रंग ‘फॉरेस्टर ग्रीन’ हा गडद हिरवा होता. या वाटेने जाणारा तोच लावतो. दुसरी वाट रेस्टोमॉडची, म्हणजे बाहेरून जुने रूप राखून आत आधुनिक ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन आणि वातानुकूलन बसवण्याची. तिसरी वाट कस्टमची. हिच्यात गाडीचा आकारच बदलतो. छत कापून खाली घेतात, हँडले काढून दारे गुळगुळीत करतात, चासी जमिनीलगत आणतात. याशिवाय काहीजण उन्हापावसाने विटलेला मूळ रंग आणि पुसट झालेले दुकानाचे नाव तसेच ठेवून फक्त यंत्राची डागडुजी करतात.

यांतली कोणतीही वाट हलकी नाही, पण त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. काही बदल परत फिरवता येतात, काही येत नाहीत. बोल्टने बसवलेले डिस्क ब्रेक उद्या काढून जुने ड्रम लावता येतील; कापलेले छत आणि तासलेली चासी पूर्ववत होत नाही. मूळ इंजिन, मूळ पत्रा आणि मूळ कागद शाबूत असलेली गाडी दुर्मीळ होत चालली आहे. तिच्यावर कटर चालवण्यापेक्षा कस्टमसाठी आधीच मोडतोड झालेली गाडी घेणे शहाणपणाचे आणि त्या यंत्राशी इमान राखणारेही आहे.

पारख

जुन्या ट्रकची किंमत इंजिनावरून करणे ही नवख्याची नेहमीची चूक. इंजिन दुसरे मिळते, बदलता येते, दुरुस्तही होते. खरा खर्च पत्र्यात असतो. त्यामुळे पारख खालून वर करावी. चासीच्या पट्ट्या, विशेषतः मागच्या कमानपाट्यांच्या कड्यांजवळ आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, हातोडीने हलकेच ठोकून पाहाव्यात. चांगले पोलाद खणखणते, कुजलेले भद्द वाजते. मग केबिनचे मागचे दोन खालचे कोपरे, दाराखालचे उंबरे, पायाखालचा तळपत्रा, केबिन चासीवर टेकते त्या जागा आणि समोरच्या काचेची खालची कड.

रंगाने झाकलेला गंज लोहचुंबक उघडा पाडतो. पातळ कापडात गुंडाळलेला लहान चुंबक पत्र्यावरून फिरवावा. जिथे तो एकदम सुटतो तिथे रंगाखाली पोलादाऐवजी पुट्टीचा जाड थर आहे. दारे उघडून-मिटून पाहावीत. दार उघडताना खाली लोंबत असेल तर बिजागरीची पिन झिजलेली असते. दार आणि केबिन यांमधली फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर केबिन वाकली असण्याचा संभव असतो.

प्रदेशानेही बरेच कळते. मिशिगन, ओहायोसारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथल्या गाड्या खालून खाल्लेल्या असतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतला पत्रा टणक राहतो; तिथे उन्हाने रबर, आसनाचे कापड आणि तारांचे वेष्टन मात्र तडकलेले असते. आसन नवे शिवता येते, म्हणून कोरड्या प्रदेशातली गाडी लांबून आणावी लागली तरी परवडते. शेवटी कागद. मालकीपत्रावरचा क्रमांक आणि गाडीवरच्या पट्टीचा क्रमांक जुळला पाहिजे. पूर्वी अमेरिकेतील काही राज्ये इंजिनच्या क्रमांकावर नोंदणी करत. अशा गाडीचे इंजिन मधल्या काळात बदललेले असेल तर नोंदणी अडते. पैसे देण्याआधीच हे तपासावे.

खोलणी

दोन गाड्या मावतील एवढी जागा एका गाडीला लागते, कारण खोललेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त पसरते. गाडी जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. भार पोलादी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, आणि सपाट काँक्रीटवरच घ्यावा. हत्यारांत इंची मापाचे पाने आणि सॉकेट, टॉर्क पाना, अँगल ग्राइंडर, हवेचा कॉम्प्रेसर, मिग वेल्डिंग यंत्र आणि इंजिन उचलायची क्रेन एवढे असले की बहुतेक काम भागते. क्रेन भाड्यानेही चालते. त्या वर्षाचे कारखान्याचे दुरुस्तिपुस्तक आणि जुळणीपुस्तक हे मात्र हत्यारांच्याही आधी घ्यावे.

खोलताना प्रत्येक भागाचा सुटण्याआधी आणि सुटल्यावर फोटो काढतात. बोल्ट एका डब्यात न टाकता प्रत्येक जोडाचे वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवतात. केबिन आणि चासी यांच्यामधल्या पत्र्याच्या पातळ चकत्या फालतू वाटतात, पण दारांच्या फटी त्यांच्यावरच जुळलेल्या असतात. त्या कोणत्या कोपऱ्यात किती होत्या हे लिहून ठेवले नाही तर जुळणीच्या वेळी दिवसच्या दिवस जातात. अडकलेल्या बोल्टला जोर लावण्याआधी झिरपणारे तेल टाकून एक रात्र जाऊ द्यावी. तरी हटला नाही तर नट तापवून सोडवावा. नवा भाग हाती येऊन बसेपर्यंत जुना, कुजलेलासुद्धा, टाकून देऊ नये. नमुना म्हणून तोच उपयोगी पडतो.

गंज काढणे

पोलाद, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज सुरू होतो आणि मीठ त्याला वेग देते. वरवरचा गंज घासून जातो. पत्र्याला खड्डे पडले असतील तर ते रसायनाने किंवा माऱ्याने आतपर्यंत साफ करावे लागतात. आरपार भोके पडली की तेवढा पत्रा कापून नवा जोडणे हाच उपाय. त्यावर काचतंतू किंवा पुट्टी भरणे म्हणजे आजार झाकणे.

लहान भागांसाठी विजेची पद्धत स्वस्त आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी घेऊन दर चार लिटरला सुमारे एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालतात. भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची पट्टी धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना न लागता पाण्यात सोडतात. काही तासांत गंज सुटा होतो. पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीही वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप उघड्यावर ठेवावे.

चासी आणि जाड भागांना दाणेदार माऱ्याने साफ करणे सोयीचे पडते. त्यासाठी साधी वाळू वापरू नये. तिची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. गार्नेटचा किंवा काचेचा चुरा वापरतात. छत, बॉनेट, दार अशा मोठ्या सपाट पत्र्यांवर जोरदार मारा केला तर पत्रा ताणला जाऊन लाटांसारखा होतो आणि मग कोणताही डेंटर तो पूर्ण सरळ करू शकत नाही. तिथे रंग उतरवणारे रसायन किंवा सौम्य दाणाच बरा. उघडे पोलाद दमट हवेत काही तासांतच पुन्हा लालसर होते. साफ झाल्याबरोबर इपॉक्सी प्रायमर मारावे. जुन्या रंगात शिसे असते, त्यामुळे तो कोरडा घासताना चांगला मास्क हवाच.

केबिनचा कोपरा

या ट्रकांमध्ये सगळ्यात आधी कुजतो तो केबिनचा मागचा खालचा कोपरा. दाराच्या चौकटीतून आत गेलेली धूळ आणि ओल तिथे साठते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आत बहुधा काही उरलेले नसते.

कोपरा बदलण्याआधी केबिन चासीवर बोल्टने घट्ट बसवलेली आणि दारे लटकवलेली असावीत. दाराच्या चौकटीत आडवी पोलादी नळी तात्पुरती जोडून ती ताठ करतात. हे न करता कोपरा कापला तर केबिन नकळत पसरते आणि दार पुन्हा कधी नीट मिटत नाही. नवा कोपरा जुन्यावर ठेवून रेघ मारतात आणि रेघेच्या थोडे आतून कापतात, म्हणजे चूक झालीच तर कापायला जागा राहते. आतला पत्रा कुजलेला असेल तर आधी तो बदलावा लागतो. मग दोन्ही कडा चकचकीत होईपर्यंत घासून, मध्ये केसाएवढी फट ठेवून समोरासमोर धरतात.

हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरभर जाड असतो. त्यासाठी ०.६ मिलिमीटरची तार आणि ७५ टक्के आर्गॉन, २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असा वायू वापरतात. सलग वेल्डिंग अजिबात करत नाहीत. एक टाका डाव्या टोकाला, दुसरा उजव्या टोकाला, तिसरा मध्ये, आणि असे करत टाक्यांमधले अंतर एखाद्या इंचावर येते. दोन टाक्यांच्या मध्ये पत्रा हाताला सोसवेल इतका थंड होऊ देतात. उरलेल्या जागाही अशाच एक-एक टाक्याने, जागा बदलत भरतात. घाईने सलग शिवण मारली की उष्णतेने पत्रा आवळतो आणि कोपऱ्याला कायमचा खड्डा पडतो. शेवटी शिवण घासून सपाट करतात, आत मेणासारखे गंजरोधक फवारतात आणि पाणी निघून जाण्याचे मूळ भोक उघडे ठेवतात. ते बुजले तर काही वर्षांत तोच कोपरा पुन्हा कुजतो.

चासी, स्टिअरिंग आणि ब्रेक

केबिनचे पत्राकाम संपल्यावर ती उचलून चासी उघडी करतात. चासी सरळ आहे का हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे दोन्ही कर्ण मोजणे. ते सारखे आले पाहिजेत. कमानपाटे सुटे करून साफ करतात, कड्यांचे बुश बदलतात. पुढचा ॲक्सल अखंड दांड्याचा असलेल्या गाडीत किंगपिन, म्हणजे पुढची चाके ज्यांच्यावर वळतात त्या पिना, आणि त्यांचे बुश हे झिजेचे मुख्य ठिकाण असते. चाक वर उचलून वरून आणि खालून हलवले की त्यांतली ढिलाई हाताला कळते. नवे बुश ठोकून बसवल्यावर ते नेमक्या मापाला रीमरने घासावे लागतात, आणि हे काम मशीन शॉपकडूनच करून घ्यावे.

ब्रेक जुने असतील तर अर्धवट दुरुस्ती करू नये. लोखंडी नळ्या, रबरी होज, चाकांतले सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर एकदमच बदलावेत. १९६७ पूर्वीच्या शेवरलेत एकच मार्ग असल्याने एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. मूळ रूपाच्या आग्रही मालकांनीही दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे योग्य ठरते. ॲडव्हान्स डिझाइन ट्रकमध्ये मास्टर सिलिंडर तळपत्र्याखाली असतो. तो डिस्कच्या कॅलिपरपेक्षा खाली आला तर तेल मागे ओघळते आणि पहिल्या दाबात पेडल खोल जाते. त्यासाठी डिस्कच्या नळीत २ पीएसआय आणि ड्रमच्या नळीत १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लावतात. जुन्या ब्रेक अस्तरांत आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी.

इंजिन आणि गिअर

वर्षानुवर्षे बंद पडलेले इंजिन बॅटरी लावून एकदम फिरवू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग क्रँक पान्याने हळूहळू फिरवून पाहावा. इंजिन फिरू लागले की दाबमापक लावून सर्व सिलिंडर तपासतात. आकडा किती आला याइतकेच सगळ्यांचे आकडे जवळपास आहेत का हे महत्त्वाचे असते. एखादा इतरांच्या बराच खाली असेल तर रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट यांतले काहीतरी गेलेले आहे.

शेवरलेचे २१६ घनइंची सहा सिलिंडरचे इंजिन ३१०० मध्ये १९५३ पर्यंत होते. त्याच्या कनेक्टिंग रॉडमध्ये ओतीव व्हाइट मेटलचे बेअरिंग आहे. ते नव्याने ओतणारे कारागीर आता मोजकेच, म्हणून बरेच जण त्याच घराण्यातले २३५ घनइंची इंजिन बसवतात. १९५४ पासूनच्या २३५ मध्ये बदलता येणारी बेअरिंगे आणि पूर्ण दाबाने तेल पोहोचवणारी रचना आहे, आणि ओळखीच्या नजरेलाही ते परके वाटत नाही. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. इंजिन उघडलेच असेल तर व्हॉल्व्हच्या बैठका कठीण पोलादाच्या करून घ्याव्यात आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसणारे नवे होज लावावेत.

एक बदल दुसऱ्याला कसा ओढून आणतो हे गिअरबॉक्समध्ये नीट दिसते. १९५४ पर्यंतच्या ३१०० चा मागचा ॲक्सल ४.११ गुणोत्तराचा असल्याने हमरस्त्यावर इंजिन सतत चढ्या फेऱ्यांवर चालते. उपाय म्हणून पाच गिअरचा बॉक्स सुचवला जातो. पण मूळ दांडा बंद नळीत आहे, तेव्हा बॉक्स बदलायचा तर दांडा उघड्या प्रकारचा करावा लागतो. त्यासाठी मागचा ॲक्सल बदलतो, ॲक्सल बदलला की मागचे ब्रेक आणि हातब्रेकची तार बदलते, आणि चाकांचे बोल्टही पुढच्याशी जुळेनासे होतात. अशी साखळी आधी कागदावर पूर्ण लिहून मगच पहिला बोल्ट सोडावा.

वायरिंग

जुन्या गाडीत कापडी वेष्टनाच्या तारा असतात आणि त्यांचे वेष्टन हात लावताच गळते. जागोजागी जोड देत बसण्यापेक्षा पूर्ण नवा संच टाकणे स्वस्त पडते आणि आगीचा धोकाही टळतो. ६ व्होल्टची यंत्रणा उत्तम चालू शकते, अट एवढीच की बॅटरीच्या तारा जाड आणि चासीशी होणारे जोड उघड्या पोलादावर घट्ट असावेत. मंद दिवे आणि सुस्त स्टार्टर यांचे कारण बहुधा हे जोडच असतात. १२ व्होल्टवर जायचे तर जनरेटरऐवजी अल्टरनेटर, सगळे बल्ब, इग्निशन कॉइल आणि फ्यूज पेटी बदलते, आणि काटे असलेल्या मीटरांसाठी व्होल्ट कमी करणारा भाग लावावा लागतो.

हौदा

पिकअपचे खरे अंग म्हणजे त्याचा हौदा. १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या शेवरलेच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे, आणि दोन फळ्यांमधल्या सांध्यावर पोलादी पट्टी. कारखान्यातून येणाऱ्या फळ्या पाइनच्या आणि रंग लावलेल्या असत. आज दिसणारा ओक किंवा अक्रोडाचा वार्निश लावलेला चमकदार तळ ही नंतरची हौस आहे. दिसायला तो देखणा असतो, पण मूळ रूपाचा दावा करणाऱ्या गाडीत तो बसत नाही.

घरी नवा तळ बसवताना लाकूड पूर्ण वाळलेले असावे. फळ्यांच्या सहाही बाजूंना, विशेषतः कापलेल्या टोकांना आणि बोल्टच्या भोकांना, बसवण्याआधीच रंग किंवा वार्निश द्यावे, कारण पाणी टोकातूनच शिरते. लाकूड पावसाळी हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. त्यामुळे पट्टीच्या खाली फळीला दोन्ही बाजूंनी थोडी मोकळीक ठेवतात आणि भोके बोल्टपेक्षा किंचित मोठी पाडतात. इतकी काळजी घेतल्यावर त्या हौद्यात विटा टाकायला मन धजावत नाही, पण तळ मुळात त्यासाठीच आहे. एखादी फळी खराब झाली तर तेवढीच बदलता येणे हा या रचनेचा गुण.

रंग

रंगाची चमक खालच्या तयारीवर अवलंबून असते. इपॉक्सी प्रायमर, त्यावर ठोकून सरळ केलेल्या पत्र्याच्या उरल्यासुरल्या दोषापुरती पातळ पुट्टी, मग भरणारे प्रायमर आणि लांब पट्टीच्या ठोकळ्यावर पॉलिशपेपर लावून तिरपी घासणी, असा क्रम असतो. घासण्याआधी प्रायमरवर काळा रंग हलकाच धुरळतात. घासल्यावर जिथे काळे ठिपके उरतात तिथे अजून खड्डा आहे. नुसत्या बोटांनी घासले तर पत्र्यावर बोटांच्या सऱ्या उमटतात आणि उन्हात त्या लगेच दिसतात.

आजचे दोन घटकांचे युरेथेन रंग टिकाऊ आहेत, पण त्यांच्या कडक करणाऱ्या घटकात आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा. ही सोय घरी नसेल तर तयारी घरी करून अंतिम फवारा रंगाच्या बूथमध्ये मारून घेणे हाच योग्य मार्ग. आणखी एक धोका वेल्डिंगच्या वेळी असतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर ठिणगी पडली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. १९४९ ते १९७२ च्या शेवरले पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्येच आसनामागे असते. ती गाडीतून काढून दूर नेल्याशिवाय केबिनवर ठिणगीचे कोणतेही काम करू नये.

आकार आणि यंत्रातले मोठे बदल

रेस्टोमॉड आणि कस्टम करणारे सर्वांत आधी पुढचे सस्पेन्शन बदलतात. फोर्डच्या १९७४ ते १९७८ च्या मस्टँग-२ गाडीची रचना आटोपशीर असल्याने तिच्या नमुन्यावर बनवलेले आडवे पोलादी सांगाडे जुन्या चासीत वेल्ड करतात. त्याने गाडी खाली येते, डिस्क ब्रेक मिळतात आणि स्टिअरिंग हलके होते. दुसरी पद्धत म्हणजे जुनी केबिन आणि हौदा शेवरलेच्या एस-१० या छोट्या पिकअपच्या अख्ख्या चासीवर बसवणे. वरवर हे सोपे दिसते, पण चाकांची रुंदी, केबिनचे आधार आणि रेडिएटरची जागा नव्याने घडवताना वाचलेला वेळ खर्ची पडतो. चासीचे वेल्डिंग हे माणसाच्या जिवाशी जोडलेले काम आहे. कोपऱ्याच्या पत्र्यावर हात बसला म्हणून ते जमेलच असे नाही, आणि अनुभवी वेल्डरकडे देण्यात कमीपणा नाही.

इंजिनांत जनरल मोटर्सचे १९९७ पासूनचे एलएस घराणे लोकप्रिय आहे. त्यातले पिकअपमधले ५.३ लिटरचे इंजिन मोडीच्या बाजारात सहज मिळते. अशी ताकद आली की ब्रेक, चासी, ॲक्सल आणि रेडिएटर तिच्या तोलाचे लागतात. थांबण्याची सोय पुरी झाल्यावरच वेग वाढवावा. विजेच्या मोटारींकडेही कारखान्यांनी वाट दाखवली आहे. शेवरलेने २०१९ साली १९६२ च्या सी-१० मध्ये दोन विजेच्या मोटारी बसवून ती प्रदर्शनात मांडली, आणि फोर्डने २०२१ साली १९७८ च्या एफ-१०० मध्ये मस्टँग माक-ई गाडीची यंत्रणा घातली. घरी असे करताना उच्च व्होल्टच्या बॅटरीसाठी प्रशिक्षित हात लागतात.

महाराष्ट्राशी असलेले नाते आणि भारतातील कायदा

अमेरिकी ट्रकांची ओळख महाराष्ट्राला जुनी आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. त्या काळचे पत्राकाम करणारे डेंटर, कमानपाटेवाले आणि टर्नर यांची विद्या आजही गॅरेजांच्या गल्ल्यांत टिकून आहे.

इथल्या कायद्याने मात्र तीन वाटांपैकी मूळ स्वरूपाची वाटच खरी मोकळी ठेवली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. २०२१ मधील नियमांनी ५० वर्षे पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी दिली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. छत कापलेली, चासी बदललेली गाडी या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे भारतात हे काम हाती घेणाऱ्याने मूळ भाग जपण्यावरच भर द्यावा.

जुळणी आणि पहिली धाव

जुळणी खोलणीच्या उलट क्रमाने होते. चासीवर सस्पेन्शन, ब्रेक आणि इंजिन-गिअर बसवून ती चाकांवर उभी करतात, मग केबिन उतरवतात आणि दारांच्या फटी जुळल्यावरच पुढची मडगार्डे आवळतात. आसन आणि हौद्याचा तळ सर्वांत शेवटी. इंजिन पहिल्यांदा सुरू करताना तेलाच्या दाबाचा काटा वर आला नाही तर ते ताबडतोब बंद करावे. नवा कॅमशाफ्ट असेल तर कॅम आणि टॅपेट यांची घासण बसेपर्यंत इंजिन रिकाम्या फेऱ्यांपेक्षा बऱ्याच चढ्या फेऱ्यांवर सुमारे वीस मिनिटे चालवतात, आणि तेलात जस्ताचे पूरक द्रव्य पुरेसे असावे लागते.

पहिली धाव घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने, आणि आधी फक्त ब्रेक तपासण्यासाठी घ्यावी. त्यानंतर चाकांचे नट, कमानपाट्यांचे यू-बोल्ट, स्टिअरिंगचे जोड आणि केबिनचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने आवळतात, कारण नवे बुश आणि नवा रंग दबून जागा सोडतात. शंभर मैलांनंतर हेच परत करतात आणि इंजिनचे तेलही बदलतात. कोणता भाग कधी बदलला, कोणत्या मापाचे बेअरिंग घातले, कोणत्या रंगाचा कोणता क्रमांक वापरला, हे सगळे एका वहीत लिहून ती वही गाडीच्या कागदांसोबत ठेवावी. पुढे कधी ही गाडी दुसऱ्याच्या हाती गेली आणि पुन्हा खोलावी लागली, तर काय काढायचे आणि काय राखायचे हे त्याला या वहीवरूनच कळेल.